एकाच बर्फात दोन विमानं

१९९० साली ग्रीनलंडच्या हिमपठारात अडीचशे फुटांहून खोल विवर वितळवून माणसं खाली उतरली, तेव्हा दिव्याच्या उजेडात त्यांना दिसलं ते बघायला कुणीच तयार नव्हतं. समोर होता 'बिग स्टूप', चार इंजिनांचा बी-१७ बॉम्बर. ज्या पोटात एके काळी नऊ-दहा माणसं उठत-बसत असत, ते पार चेपून गेलं होतं. या क्षणासाठी जवळपास दहा वर्षं लोकांकडे पैसे मागण्यात आणि परवानग्या मिळवण्यात गेली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच बर्फात आणि जवळजवळ तितक्याच खोलीवर, पी-३८ जातीचं एक लढाऊ विमान सापडलं. तेही वाकलं होतं, पिचलं होतं, पण त्याला पाहून 'हे पुन्हा उडेल' असं म्हणता येत होतं. दोन्ही विमानं दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, एकाच दिवशी एकाच ठिकाणी उतरली होती. पन्नास वर्षं दोघांवर तोच हिमवर्षाव झाला होता. मग एक मेलं आणि एक राहिलं, हे का? 'ग्लेशियर गर्ल'ची, म्हणजे या पी-३८ ची, गोष्ट सांगताना लोक नेहमी म्हणतात, बर्फाने तिला जपून ठेवलं. 'बिग स्टूप'कडे पाहिलं की हे वाक्य घशाखाली उतरत नाही.

ही जपून ठेवल्याची समजूत शोध घेणाऱ्यांचीही होती. अटलांटाचे पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर, एक विमानव्यवसायातला आणि दुसरा वास्तुविशारद, १९८१ पासून ग्रीनलंडला जायला लागले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोरचं चित्र अगदी साधं होतं. बर्फातून विमानांच्या शेपट्या वर आलेल्या दिसतील, फावड्याने भोवतालचा बर्फ काढायचा, टाकीत पेट्रोल भरायचं, इंजिन सुरू करायचं आणि निघायचं. प्रत्यक्षात तिथे नजर पोचेल तिथवर पांढरं सपाट पठार, बाकी काही नाही. आग्नेय ग्रीनलंडमध्ये समुद्रावरून येणारं ओलसर वारं किनाऱ्याच्या डोंगरांना धडकतं आणि वर्षाला कित्येक मीटर बर्फ पडतो. थंडी इतकी की उन्हाळ्यात वितळतो त्याहून कितीतरी जास्त साठतो. ताजा हिम कापसासारखा हलका असतो, पण वरचे थर चढत जातात तसा खालचा दाबला जातो, त्याचे कण एकमेकांना चिकटतात, मधली हवा कोंडली जाते आणि शेवटी निळसर, घट्ट बर्फ तयार होतो. १९९२ मध्ये लढाऊ विमान मिळालं ते २६८ फूट खाली, म्हणजे सुमारे ८२ मीटरवर. पन्नास वर्षांनी भागलं तर सरासरी वर्षाला दीड मीटरहून जास्त, आणि हा दाबून घट्ट झालेल्या थरांचा हिशोब आहे.

वजनाचा ढोबळ अंदाजही करता येतो. वरचा भुसभुशीत थर आणि खालचा घट्ट बर्फ यांची सरासरी घनता पाण्याच्या पाऊणपट धरली, तर ८२ मीटर खाली दर चौरस मीटरवर साठ टनांच्या आसपास भार येतो. विमानाच्या अंगावरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. तो हवेत ताण सोसण्यासाठी असतो, बाहेरून येणारा असला दाब सोसण्यासाठी नव्हे.

पण त्याआधी, विमान मुळात बर्फावर धड उतरलं कसं, तिथून सुरुवात करायला हवी. १५ जुलै १९४२. अमेरिकेतून इंग्लंडला विमानं उडवत नेण्याची 'ऑपरेशन बोलेरो' नावाची मोहीम चालू होती. अमेरिकेच्या मेन राज्यातून कॅनडातल्या लॅब्राडॉरचा गूज बे, तिथून ग्रीनलंड, मग आइसलंडचं रेक्याविक आणि शेवटी स्कॉटलंड, असे टप्पे होते. जहाजातून विमानं पाठवली तर जर्मन पाणबुड्या बुडवत, म्हणून हा आडवाटेचा मार्ग. सहा पी-३८ आणि दोन बी-१७ ग्रीनलंडहून रेक्याविककडे निघाले. लढाऊ विमानांत पायलट एकटा, म्हणून दिशा दाखवायला आणि रेडिओ सांभाळायला बॉम्बर सोबत. वाटेत ढगांची भिंत लागली. परत फिरावं लागलं, तर मागचा तळही हवामानामुळे बंद असल्याचं कळलं. इंधन संपत आलं होतं. खाली पांढरं पठार होतं, आणि प्रश्न उरला होता एवढाच: चाकं खाली करून उतरायचं की वर ठेवून पोटावर?

पहिला उतरला ब्रॅड मॅकमॅनस. चाकं खाली. वरून बर्फ टणक दिसत होता. पी-३८ ला तीन चाकं, त्यातलं एक नाकाखाली, लांब दांड्याच्या टोकाला. विमान काही अंतर सरळ पळालं. मग वेग कमी झाला, नाकाखालच्या चाकावर भार आला, वरचा कडक पापुद्रा फुटला, दांडा मोडला आणि विमान उलटं झालं. मॅकमॅनस आतून सरपटत बाहेर आला, जिवंत. वर घिरट्या घालणाऱ्या बाकीच्यांना हा धडा फुकटात मिळाला आणि त्यांनी चाकं वरच ठेवली. पोटावर घसरणाऱ्या विमानाचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, रुतायला काही टोकदार उरत नाही. इंजिनापुढच्या पंख्यांची (प्रोपेलरची) पाती वाकतात, पोटाचा पत्रा घासतो, पण विमान उलटत नाही. हॅरी स्मिथच्या विमानाचा क्रमांक ४१-७६३०. पुढे ज्याला 'ग्लेशियर गर्ल' म्हणू लागले ते हेच. पंचवीसच्या पंचवीस माणसं वाचली.

याच चुकीने सहा आठवडे आधी एक माणूस मेला होता, उत्तर अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला. अलास्काच्या अकुटन बेटावर तदायोशी कोगा या जपानी पायलटने 'झिरो' जातीचं लढाऊ विमान उतरवलं. तेलाच्या नळीला गोळी लागली होती, इंजिन फार काळ टिकणार नव्हतं. खाली हिरवं गवताळ मैदान दिसलं, त्याने चाकं खाली केली. गवताखाली दलदल होती. चाकं रुतली, विमान उलटलं, मान मोडून कोगा गेला. सोबतच्या पायलटांना हुकूम होता की पडलेलं विमान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून नष्ट करा. पण कोगा आत जिवंत असेल या आशेने त्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. महिनाभराने अमेरिकेच्या एका गस्ती विमानाला ते दिसलं. दलदलीतून ओढून काढलं, जहाजातून सॅन दिएगोला नेलं, शेपूट आणि पाती दुरुस्त केली आणि २० सप्टेंबर १९४२ ला एडी सँडर्स या अमेरिकन अधिकाऱ्याने ते उडवलं. त्यातून कळलं की झिरो वेगाने खाली ढकललं तर कार्ब्युरेटरमुळे इंजिन क्षणभर बंद पडतं, आणि दोनशे नॉट्सच्या वर ते वळायला जड होतं. पायलटांना ताबडतोब सांगितलं गेलं. म्हणजे हरवल्यापासून पुन्हा हवेत जाईपर्यंत साडेतीन महिने. युद्धात विमान परत मिळवणं म्हणजे माहिती मिळवणं. ते विमान म्हणून जपावं असं कुणाच्या मनातही नव्हतं, आणि १९४५ मध्ये धावपट्टीवरच दुसऱ्या एका विमानाच्या पंख्याने ते चिरफाडून टाकलं, तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटल्याचं दिसत नाही. ग्रीनलंडच्या विमानांकडून असं काहीच शिकायचं नव्हतं. पी-३८ अमेरिकेचं स्वतःचंच होतं. म्हणून ते तिथेच सोडलं.

माणसांना मात्र नऊ दिवस त्या पठारावर काढावे लागले. एक तपशील मला फार आवडतो. रेडिओला वीज हवी, वीज हवी तर इंजिन चालायला हवं, आणि उतरताना पंख्याची पाती वाकलेली. तसंच चालवलं तर पाती बर्फात आदळतील, इंजिन थरथरून निकामी होईल. म्हणून त्यांनी एका बॉम्बरच्या पात्यांची वाकलेली टोकं हॅकसॉने कापली, मग इंजिन सुरू केलं. थंडगार धातूवर हाताने करवत चालवत पंख्याचं एकेक पातं कापणं. ते काम किती वेळ चाललं असेल याची कल्पना ज्याने कधी जाड ॲल्युमिनियम कापलंय त्यालाच येईल. मग विमानांनी वरून सामान टाकलं, कुत्र्यांच्या गाड्या आल्या, किनाऱ्यावर तटरक्षक दलाचं जहाज आलं आणि सगळे चालत निघाले.

विमानं तिथेच राहिली, असं म्हणतो खरं, पण तिथे राहणं शक्यच नव्हतं. हिमपठार वाहतं. पन्नास वर्षांत ही विमानं मूळ जागेपासून मैल-दोन मैल सरकली होती. युद्धकाळातल्या नोंदीवरून जागा काढली तर ती चुकणारच. त्यात ॲल्युमिनियमवर चुंबकीय शोधयंत्र काही करत नाही, इंजिनातल्या पोलादापुरताच त्याला प्रतिसाद मिळणार, तोही शेकडो फुटांवरून अगदी क्षीण. अखेर १९८८ मध्ये बर्फातून आरपार जाणाऱ्या रडारलहरींनी आठ मोठ्या आकृत्या दाखवल्या. आठ विमानं हरवली होती, आठ आकृत्या दिसल्या. मग वाफेने वितळवत एक बारीक सळई खाली सोडली. ती थांबली ती बर्फावर नाही, विमानावर.

आता खाली माणूस न्यायचा. खणून? २६८ फूट खोल खड्डा फावड्याने खणायचा म्हटलं तर उन्हाळा संपेल आणि पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा भरेल. डॉन ब्रूक्स यांनी बनवलेल्या यंत्राला त्यांनी नाव दिलं 'सुपर गोफर'. चार फूट व्यासाचा शंकू, त्याला तांब्याच्या नळीचे वेढे, नळीतून गरम पाणी सतत फिरवायचं. शंकू साखळीच्या कप्पीला टांगायचा आणि हळूहळू सोडायचा. तासाला साधारण दोन फूट. म्हणजे खंड न पडता चाललं तरी पाच-सहा दिवस-रात्री.

ऐकायला हे सोपं वाटतं, म्हणून जरा थांबून बघावं. या आकाराचं विवर करायला सुमारे सत्तर टन बर्फाचं पाणी व्हायला हवं. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायलाच किलोला ३३४ किलोज्यूल लागतात. उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही असं मानलं तरी साडेसहाशे-सातशे लिटर डिझेल, आणि वाया तर बरीच जाते. हे सगळं इंधन स्की लावलेल्या विमानांनी पठारावर आणायचं. शंकू सोडायचा तोही त्याचं वजन कप्पीवर ठेवून. घाईने सोडला तर तो तळावर टेकतो, एका बाजूला कलतो, मग ती बाजू आधी वितळते आणि विवर तिरकं जातं. शंभर फुटांवर तीन-चार अंश वाकडं म्हणजे तळाशी विमान बाजूला राहिलं. वरच्या भुसभुशीत थरात वितळलेलं पाणी झिरपून जातं, पण खाली बर्फ घट्ट झाला की ते तळाशी साचतं आणि उपसावंच लागतं. बॉयलर बंद पडला तर तेच पाणी शंकूभोवती गोठतं. मग शंकू सोडवायला दुसरा शंकू हवा.

तळाशी पोचल्यावर गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी विमानाभोवती गुहा कोरली. खाली दिवसाचा उजेड पोचत नाही, दिव्याच्या झोतात ओल्या भिंती चमकतात. वरून पाणी ठिबकत असतं, कपडे भिजलेलेच. तापमान शून्याच्या आसपास, म्हणजे गारठण्याला पुरेसं आणि कोरडं राहण्याला पुरेसं नाही. आणि एवढ्या खोलीवरची पोकळी स्वस्थ बसत नाही. बर्फ दाबाखाली हळूहळू वाहतो, छत खाली येऊ पाहतं, भिंती आत येऊ पाहतात. गुहेत काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवायचं आणि हातातला पाना चालू ठेवायचा.

आता एक मेलं आणि एक राहिलं ते का, या प्रश्नाकडे. बॉम्बरचं पोट म्हणजे एक लांब, पोकळ, पातळ पत्र्याचं नळकांडं. पत्र्याला आतून कड्या आणि पट्ट्या असतात, पण त्या वाकण्याला आणि पिळण्याला तोंड देण्यासाठी. बाहेरून चहूबाजूंनी दाब आला की एक कडी आत वळते, शेजारची तिच्या पाठोपाठ, आणि सगळं खचतं. पोकळी जितकी मोठी तितकं खचण्याला वाव जास्त. पी-३८ ची रचनाच वेगळी. दोन इंजिनं, त्यांच्यामागे शेपटीपर्यंत गेलेल्या दोन बारीक दांड्या आणि मधे पायलटपुरती छोटी कोठडी. ही तिन्ही जिथे जोडली जातात तो मधला पंखाचा भाग म्हणजे भक्कम तुळया, टाक्या, चाकांचे खण आणि सांधे यांचा दाट गठ्ठा. मोठी पोकळी अशी कुठे नाहीच. शिवाय पोटावर सरळ उतरल्याने बर्फ वरून सारखा बसत गेला, मॅकमॅनसच्या विमानासारखं उलटं पडून काही ताणलं-मोडलं गेलं नाही. म्हणजे वाचलं ते आकारामुळे आणि चाकं वर ठेवल्यामुळे. बर्फाने दोघांनाही सारखंच दाबलं.

'बिग स्टूप' पाहिल्यावर पैसे देणारे मागे सरले तर नवल नाही. १९९२ च्या मोहिमेचा खर्च केंटकीतल्या मिडल्सबरोच्या रॉय शॉफनर या उद्योजकाने उचलला, सहा लाख अडतीस हजार डॉलर. मला हा आकडा मोहिमेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त बोलका वाटतो. बॉम्बरचा चुरा झालाय हे माहीत असूनही एखाद्याने एवढी रक्कम काढायची, ती केवळ पी-३८ लहान आणि दाट असल्यामुळे टिकलं असेल या भरवशावर.

गुहेतच विमान मोकळं करायला घेतलं. तोफ आणि मशीनगन, शेपूट, पंखांची टोकं, इंजिनं, एकेक करून कप्पीने वर. बारा सिलिंडरचं ॲलिसन इंजिन लांब असलं तरी अरुंद असतं, ते उभं धरलं की चार फुटांच्या विवरातून जातं. मधला भाग मात्र सतरा फूट लांब आणि तीन टनांच्या आसपास. तो वर आणायला विवर रुंद करावं लागलं. १ ऑगस्ट १९९२ ला तो भाग उजेडात आला.

लोकांना वाटतं इथे गोष्ट संपली, आता घासायचं, पुसायचं, रंगवायचं. मिडल्सबरोच्या हँगरमध्ये बॉब कार्डिन यांच्या देखरेखीखाली हे काम दहा वर्षं चाललं. का चाललं असेल हे पत्र्याचं काम जाणणाऱ्याला लगेच कळतं. दाबाने वाकलेली रचना बाहेरून ठीक दिसते, पण एक कडी चार मिलिमीटर सरकलेली असते आणि तिच्यामुळे शेजारच्या शंभर छिद्रांचा मेळ बसत नाही. म्हणून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, ड्रिलने काढायचे, पत्रा सोडवायचा, आतली कडी बघायची, मग तिच्याखालची. ड्रिल जरा तिरका गेला की छिद्र मोठं होतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट लागतो, तेही कडेपासून पुरेसं अंतर उरलं असेल तरच. वाकलेलं ॲल्युमिनियम ठोकून सरळ केलं की ते ठिसूळ होतं, अनेकदा चिरतं. मग जुना तुकडा साचा म्हणून ठेवायचा आणि त्यावरून नवा कापायचा. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतील तिथे पाणी मिळताच गंज धरतो. बर्फात जे थंडीमुळे थांबलेलं असतं ते केंटकीच्या दमट उन्हाळ्यात सुरू होतं. रबरी नळ्या, सील, तारांवरचं आवरण, टाकीचं अस्तर, यातलं काही वाचवण्यात अर्थ नसतो. आणि पंख्याची पाती जमिनीला लागून थांबलेल्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य फिरता दांडा, तडे तपासल्याशिवाय कुणी परत बसवत नाही. म्हणजे आज आकाशात जे दिसतं ते विमान आधी पूर्ण सुटं झालेलं विमान आहे. काहीजण यावरून नाक मुरडतात, म्हणतात मग हे जुनं राहिलंच कुठे. मला तो आक्षेप फुसका वाटतो. न सोडवता ठेवलं असतं तर ते एक चेपलेलं, गंजत जाणारं शिल्प झालं असतं, आणि तशी संग्रहालयांत भरपूर आहेत.

२६ ऑक्टोबर २००२ ला पायलट स्टीव्ह हिंटन यांनी ते उडवलं. हजारो लोक मिडल्सबरोत जमले होते. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी विमान एका बाजूला खेचलं जात नाही. इंजिनाचा धूर टर्बोसुपरचार्जरमधून, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्रातून, जातो तेव्हा आवाज मऊ होतो, आणि त्या काळातल्या एकइंजिनी विमानांच्या फुटणाऱ्या आवाजापुढे पी-३८ चा आवाज घोंगावणारा वाटतो.

शॉफनर २००५ मध्ये गेले. पुढे विमान टेक्सासमधल्या नव्या मालकाकडे गेलं आणि २००७ च्या जूनमध्ये ते १९४२ ची अर्धवट राहिलेली फेरी पुरी करायला न्यू जर्सीहून इंग्लंडच्या डक्सफर्डकडे निघालं. उजव्या इंजिनाचं कूलंट गळायला लागलं आणि गूज बेला उतरावं लागलं. फेरी रद्द झाली. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाचा हा जुनाच रोग. एक जोड ढिला झाला की काही मिनिटांत इंजिन तापतं, आणि पुढे समुद्र असेल तर तिथेच परत फिरणं शहाणपणाचं. पंचेचाळीस सालापर्यंत हजारो पायलटांनी हेच केलं असतं.

उरलेल्या पाच पी-३८ पैकी आणखी एक २०१८ मध्ये सापडलं. यावेळी रडार ड्रोनवर होतं. रॉबर्ट विल्सन या पायलटच्या त्या विमानाला 'एको' म्हणतात. तापवलेली सळई ३४० फुटांवर थांबली आणि वर ओढली तेव्हा तिच्या टोकाला विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेतला तेलकट लाल द्रव लागलेला होता. ते विमान वर आणायचं तर खोली सत्तर फुटांनी जास्त, म्हणजे उपसायचं पाणी, डिझेल आणि दिवस सगळंच जास्त. आणि एक गोष्ट १९९२ मध्ये कुणाला माहीत नव्हती. आग्नेय ग्रीनलंडमध्ये अनेक ठिकाणी पृष्ठभागाखाली दहा-वीस मीटरवर न गोठलेलं पाणी भुसभुशीत थरात वर्षभर साठून राहतं, हे २०११ च्या सुमारास लक्षात आलं. विवर अशा थरातून जाणार असेल तर पाणी फक्त शंकूखालचं नसेल, भिंतीतूनही येईल. म्हणून शंकू सोडण्याआधी त्या थराच्या खालपर्यंत पोलादी नळीचं अस्तर घालावं लागेल, आणि त्या नळीचा व्यास चार फुटांहून मोठा हवा.